किती थरथरलं तर चालेल?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एकच तक्रार घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. आई पुढे, मूल मागे. खुर्चीत टेकायच्या आधीच आई सांगून मोकळी होते, "मॅडम, पोरगी हुशार आहे जी, पण चारचौघांत तोंडातून शब्द निघत नाही." मुलगा असेल तर, "असं मुखदुर्बळ राहून याचं पुढे कसं होईल?" मोठी माणसं एकेकटी येतात. कोणाची बढती अडलेली असते, कोणाचं लग्न. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न केलेली, मीटिंगमध्ये आपलाच मुद्दा दुसऱ्यानं मांडलेला निमूट ऐकून घेतलेली ही माणसं. शेवटी सगळ्यांची मागणी एकच: "हा लाजाळूपणा तेवढा घालवून द्या."

यातल्या "घालवून" या शब्दाशी मी दर वेळी अडते. ताप घालवावा तसा लाजाळूपणा घालवता येत नाही, आणि घालवायची गरजही नसते. हे मी बावीस वर्षं परोपरीनं सांगत आले. पण ते ऐकणाऱ्याच्या मनात नेमकं उतरावं कसं, हे मला एका चोवीस वर्षांच्या मुलीकडून मिळालं. तिच्या परवानगीनं, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून, ती हकिकत इथे सांगते. आपण तिला केतकी म्हणू.

केतकी सिव्हिल इंजिनिअर. नागपुरात धरमपेठेतल्या एका लहानशा स्ट्रक्चरल ऑफिसात ती इमारतींच्या खांब-तुळयांचा हिशेब करायची, नकाशे काढायची, आणि स्लॅब ओतण्याआधी साइटवर जाऊन सळई नकाशाप्रमाणे बांधली आहे का, ते तपासून सही करायची. हिशेब आणि नकाशे यांत साहेब तिच्यावर खूश होते. साइटचं नाव काढलं, की तिच्या पोटात गोळा येई.

पहिल्या भेटीत आईच बोलली. घरी पाहुणे आले की ही आतल्या खोलीत जाते, बघायला आलेल्या मंडळींनी मुलीला नीट बोलता येतं ना, असं विचारलं, आणि आता दोन महिन्यांपासून ही रात्र-रात्र जागून राहिली. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. कूलरच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं केतकी म्हणाली, "मी पाहिलं होतं. पण मी बोलले नाही."

ती एका घराच्या साइटवर गेली होती. वरच्या मजल्याची एक खोली भिंतीबाहेर पुढे काढलेली, खाली खांब नाही. अशा लटकत्या भागाला कँटिलिव्हर म्हणतात. आपल्या घरांवरचा छज्जा म्हणजे त्याचंच धाकटं रूप. तिनं मला माझ्याच टेबलावरची प्लास्टिकची पट्टी घेऊन समजावलं. पट्टीची दोन्ही टोकं टेकवून मध्ये दाबलं, तर ती मध्ये खाली झोळते आणि तिचा खालचा पदर ताणला जातो. पण एकच टोक घट्ट धरून दुसरं मोकळं सोडलं आणि त्यावर बोट ठेवलं, तर वरचा पदर ताणला जातो. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून जिथे ताण, तिथे सळई. साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खाली, छज्ज्यात मात्र वर. "आणि मॅडम, काँक्रीट ओतताना माणसं त्याच सळईवरून चालतात. ती पायाखाली दबते. खाली गेलेली सळई म्हणजे नसलेली सळई."

त्या दिवशी तिला दिसलं, की वरची सळई दबून बरीच खाली गेली आहे. ठेकेदार तिच्या वडिलांच्या वयाचा, मिक्सर सुरू झालेला, वीस-पंचवीस माणसं कामाला लागलेली. तिनं दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं. घरी येऊन रात्री साहेबांना ई-मेल लिहिला. तो वाचला जाईपर्यंत काँक्रीट घट्ट झालं होतं. कोणाला इजा झाली नाही, कारण साहेबांनी टेकू काढूच दिले नाहीत. शेवटी त्या खोलीखाली दोन खांब उभे करावे लागले. घरमालकाला जे नको होतं नेमकं तेच झालं. केतकीला कोणी रागावलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं होतं.

मी ज्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनं काम करते तिचे जनक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, स्वतः तरुणपणी अतिशय लाजाळू होते. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती-उद्यानात जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं असं स्वतःला बजावलं आणि महिनाभरात शंभरेक जणींशी बोलले. मैत्री कोणाशीच जमली नाही. पण नकारानं माणूस मरत नाही हे अंगवळणी पडलं आणि त्यांची भीती ओसरली. हा किस्सा मी बहुतेकांना सांगते. केतकीलाही सांगितला आणि त्याच धर्तीवर एक काम दिलं: सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर रोज तीन अनोळखी माणसांना काहीतरी विचारायचं.

शिस्तीची मुलगी. दोन आठवडे एकही दिवस न चुकवता तिनं ते केलं, वहीत नोंदी ठेवल्या. आणि वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "केलं मॅडम. पण सीताबर्डीला मी चुकीचा प्लॅटफॉर्म विचारला, तर कोणाच्या डोक्यावर छत पडत नाही न."

ती बरोबर होती आणि मी घाई केली होती. असे छोटे सराव पुष्कळांना उपयोगी पडतात. दुकानदाराला भाव विचारायलाही ज्याची जीभ अडते, त्यानं तिथूनच सुरुवात करावी. पण केतकीचा अडसर अनोळखी माणसांचा नव्हता. आपल्या शब्दावर काहीतरी उभं आहे हे कळताक्षणी तिचा शब्द आत जायचा. सराव करायचा तर तो तसलाच भार घेणारा हवा. लाजाळूपणाचा एकच साचा नसतो, हे मला ठाऊक असूनही मी तिला साच्यातलं औषध दिलं होतं.

मग मी पुढच्या काही भेटींत फारसं काही केलं नाही. तिला आवडतं ते ऐकत बसले. तिला वेड होतं जगावेगळ्या इमारतींचं. या पडत का नाहीत, हा तिचा एकच प्रश्न. त्यावर ती अर्धा-अर्धा तास न अडखळता बोलायची, हातवारे करायची, माझ्या टेबलावरच्या वस्तू उचलून त्यांच्या इमारती करायची. ऐकताना मला वाटे, की यात तिच्या दुखण्याचा धागा कुठेतरी आहे. तो हाताला लागत नव्हता.

एकदा ती न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरबद्दल सांगू लागली. 59 मजल्यांचा मनोरा, 1977 मध्ये पुरा झाला. त्या जागेच्या एका कोपऱ्यात चर्च होतं आणि नवं चर्च तिथेच बांधून द्यायचं ठरलेलं. म्हणून मनोऱ्याचे पाय चार कोपऱ्यांत न देता चार बाजूंच्या मधोमध दिले, तेही नऊ मजल्यांइतके उंच. म्हणजे टेबलाचे पाय कोपऱ्यांतून काढून कडांच्या मध्यावर लावावेत तसं. दुसऱ्याच वर्षी, 1978 मध्ये, एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून तिथले मुख्य इंजिनिअर विल्यम लेमेझर यांनी आपला हिशेब पुन्हा तपासला. कोपऱ्याच्या दिशेनं येणाऱ्या तिरक्या वाऱ्यात सांध्यांवर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त ताण येणार होता, आणि ते सांधे बांधताना वेल्डिंगऐवजी बोल्टनं जोडले गेले होते. मग दिवसा माणसं आत नोकरी करताहेत आणि रात्री वेल्डर पोलादी पट्ट्या जोडताहेत, असं करून ती इमारत पक्की केली. बाहेरच्या जगाला हे 1995 पर्यंत ठाऊक नव्हतं.

"प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत होतं का?" मी विचारलं.

"नाही. प्रश्नच होता फक्त."

ती थोडी थांबली. मीही थांबले. "मला वाटतं मॅडम, मी साइटवर उत्तर घेऊन उभी राहते. म्हणून ते इतकं जड होतं. मी नुसतं विचारलं असतं, 'भाऊ, ही सळई वर हवी न?'..."

हे तिचं तिनं शोधलं. तेव्हापासून मी अनेकांना हेच सुचवते. ठाम विधान करताना ज्यांचा आवाज बसतो, त्यांना बहुधा प्रश्न विचारता येतो. प्रश्नात समोरच्याला जागा असते, आपल्यालाही. आणि खरा प्रश्न भित्रेपणाचा नसतो. त्या मनोऱ्याचा हिशेब तर एका प्रश्नामुळेच पुन्हा तपासला गेला.

त्याच सुमारास तिनं दीक्षाभूमीची आठवण सांगितली. ती आठ वर्षांची. दसऱ्याची गर्दी, बाबांच्या खांद्याला धरून ती आत गेली. घरच्यांनी सांगितलेलं, की हा स्तूप सांचीच्या स्तुपासारखा आहे. सांचीचा स्तूप मात्र आतून भरीव, नागपूरचा पोकळ; 1978 मध्ये काम सुरू होऊन 18 डिसेंबर 2001 रोजी त्याचं उद्घाटन झालं, उंची 120 फूट. आठ वर्षांच्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं मान वर केली, डोक्यावर एवढा मोठा घुमट आणि मध्ये आधाराला काहीच नाही हे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, हा आतून पोकळ आहे तरी पडत कसा नाही?" आजूबाजूच्या दहा जणांनी वळून पाहिलं. बाबा तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "चूप बस, लोक पाहून राहिले."

मोठी झाल्यावर तिनं उत्तर स्वतःच शिकून घेतलं. घुमटाचा वरचा भाग स्वतःलाच दाबून धरतो. खालचा भाग बाहेर फाकायला बघतो. अर्धगोल घुमटात माथ्यापासून साधारण 52 अंश खाली उतरलं, की हा पालट होतो. म्हणून दुरडीच्या काठाला कडं बांधतात तसं घुमटाला खालच्या अंगाला बांधून धरावं लागतं. हे सगळं तिनं मला कागदावर काढून दाखवलं. पण तिच्या प्रश्नावर मिळालेलं तेव्हाचं उत्तर, "लोक पाहून राहिले", ते तिला अजून पाठ होतं.

अशा आठवणीपाशी पुष्कळ लोक मुक्काम करतात. मूळ सापडलं, दोष वडिलांचा, असं म्हणून मोकळं वाटतं. मी तिथे थांबत नाही, आणि हे मी विचारपूर्वक सांगते. वडिलांनी ते वाक्य एकदा उच्चारलं, तेही गर्दीत मूल सांभाळताना. पुढची सोळा वर्षं ते रोज म्हणणारी केतकी स्वतः होती. साइटवर, वर्गात, लग्नघरात. हे मी तिला याच शब्दांत सांगितलं. तिला ते आवडलं नाही. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्यानंतरच्या आठवड्यात आली तेव्हा म्हणाली, "मोजलं मी. एका दिवसात एकोणतीस वेळा."

आता त्या भेटीकडे येते, जिच्यासाठी हे सारं लिहायला घेतलं. मे महिन्याची दुपार होती. तिच्याकडे नवं काम आलं होतं, बेसा भागातलं. मालकाची हौस अशी, की खाली गाडी उभी राहील, वर बसायची खोली पुढे काढायची, आणि मध्ये खांब नको. अडीच मीटरचं लटकणं. हिशेब तिनंच केला होता आणि सळई तपासायलाही तीच जाणार होती. दहा दिवसांवर आलं होतं.

"मला जमणार नाही. माझा आवाज थरथरतो, मॅडम. कान लाल होतात. सगळ्यांना दिसतं."

"आवाज किती थरथरला तर चालेल?"

"थरथरायलाच नको."

"म्हणजे शून्य?"

"शून्य."

मी तिच्या हातातल्या नकाशाकडे बोट केलं. सुचलं म्हणून केलं. आधी ठरवलेलं काही नव्हतं. "आणि ही तुझी खोली? लोक वर बसल्यावर हिचं पुढचं टोक किती खाली आलं तर चालेल? शून्य?"

ती हसली. लहान मुलाच्या प्रश्नावर हसावं तसं. "शून्य कसं होईल मॅडम? भार आला की प्रत्येक गोष्ट वाकतेच. शून्य कोणी मागतच नाही. आपल्या आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कोडमध्ये, नियमपुस्तकात, मर्यादा दिलेली असते, लांबी भागिले 250. अडीच मीटरला..." तिनं बोटांवर मोजलं नाही, तोंडानंच सांगितलं, "दहा मिलिमीटर."

"म्हणजे नऊ मिलिमीटर खाली आली, तर खोली नापास?"

"नाही. पास."

"ती वाकली हे दिसलं, तरी?"

"दिसू दे न. मर्यादेत आहे न ती." ती पुढे बोलणार होती. थांबली. नकाशाची सुरळी अर्धी उलगडलेली तशीच राहिली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तेही मला आठवतं. मी काही बोलले नाही. या कामात एवढं एक मी शिकले आहे, की अशा वेळी समुपदेशकानं शहाणपणा पुढे करू नये.

बराच वेळ गेला. मग ती हळूच म्हणाली, "मग मीच माझ्याकडे शून्य का मागून राहिले?"

तिच्या क्षेत्रातलं आणखी पुष्कळ मग तिनंच ओतलं. उंच इमारतीचा माथा वाऱ्यात डोलतो, त्याचीही मर्यादा आहे: उंची भागिले 500. मोठ्या तुळईची सेंटरिंग लावताना मध्यभाग मुद्दाम किंचित वर उचलून ठेवतात, कारण ती पुढे झोळणार हे आधीच धरलेलं असतं. जगातल्या सगळ्या धाडसी इमारती वाकतात, डोलतात, ताणल्या जातात. इंजिनिअर फक्त एवढंच बघतो, की भार कुठून कुठे जातो आणि शेवटी जमिनीपर्यंत पोचतो की नाही. मी विचारलं, "आणि तुझ्या बोलण्यात जमीन कोणती?" ती म्हणाली, "मुद्दा समोरच्यापर्यंत पोचणं."

आम्ही तिथेच, नकाशाच्या कोऱ्या बाजूवर, केतकीचं स्वतःचं कोडबुक लिहिलं. आवाज थरथरला: मान्य. कान लाल झाले: मान्य. वाक्य अर्ध्यात तुटलं: मान्य, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. समोरचा हसला: तो भार आपल्या हिशेबातला नाही. नंतर रडू आलं: मान्य. नामंजूर एकच गोष्ट, सांगायचं ते न सांगता साइटवरून परतणं. खाली तिनं सही केली, तारीख घातली.

मला या भेटीचा अभिमान आहे, तो लपवत नाही. पण त्यामागे माझी चतुराई होती असं मी म्हणणार नाही. त्याआधी चार-पाच भेटी मी तिच्या इमारती ऐकल्या होत्या. माणूस आपल्या कामात, आपल्या आवडीत जे सहज मान्य करतो, तेच स्वतःच्या बाबतीत नाकारत असतो. शेतकऱ्याला पीक एका पावसात येत नाही हे ठाऊक असतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला पहिली पोळी कधी कधी बिघडते याचं काही वाटत नाही. ती समज त्याच्याजवळ असतेच. ती इकडून उचलून तिकडे ठेवायला कोणीतरी मदत करावी लागते. त्यासाठी आधी ऐकावं लागतं, आणि विषयाबाहेरचं वाटलं तरी ऐकावं लागतं.

एक गोष्ट राहिली होती. थरथर मान्य केली, तरी ती लपवण्याची धडपड सुरूच राहते, आणि लपवण्यातच माणसाची निम्मी शक्ती जाते. त्यावरचं उत्तरही तिच्याच पोतडीतून निघालं. तैपेई 101 ही तैवानमधली 508 मीटर उंचीची इमारत, 2004 मध्ये पूर्ण झालेली. भूकंपाचा आणि वादळांचा प्रदेश. वारा इमारतीला एका बाजूला ढकलतो तेव्हा उलट दिशेनं झुलून तिचं डोलणं कमी करायला, आत वरच्या मजल्यांमध्ये 660 टनांचा पोलादी गोळा जाड पोलादी केबलांनी टांगला आहे. 2015 च्या ऑगस्टमधल्या सुदेलोर वादळात तो एक मीटर झुलला होता. "आणि तो त्यांनी लपवला नाही मॅडम. सोनेरी रंग दिला आणि लोकांना बघायला मोकळा ठेवला. आमची इमारत डोलते आणि आम्ही असं सांभाळतो, असं सरळ सांगितलं." मी म्हटलं, "मग तूही सांग." तिनं एक वाक्य तयार केलं आणि माझ्यासमोर आठ-दहा वेळा म्हणून पाहिलं: "माझा आवाज थोडा थरथरतो, तिकडे लक्ष नका देऊ, पण हे ऐका."

हे वाक्य कोणालाही वापरता येईल. मुलाखतीत, व्यासपीठावर, बघण्याच्या कार्यक्रमात. लपवायचं संपलं, की शरीर आपोआप सैल होतं. मी हे अनेकांमध्ये पाहिलं आहे.

बेसाच्या साइटवर सकाळी सहालाच काम सुरू होणार होतं; मे महिन्यात नागपुरात उशिरा काँक्रीट ओतणं परवडत नाही. पुढचं सारं तिनं मला सांगितलेलं. टोकाकडच्या खुर्च्या, म्हणजे वरची सळई उचलून धरणारे वाकवलेले गज, निम्मे लावलेच नव्हते. जी सळई वरून इंचभर आत असायला हवी, ती तीन इंच खाली. तिनं ठेकेदाराला गाठलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ते अर्ध्यात तुटलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग विचारलं, "भाऊ, हे वरचं लोखंड खाली बसलं न?"

"मॅडम, पंचवीस वर्षांपासून छज्जे ओतून राहिलो मी."

"हो भाऊ. टेप लावून पाहू?"

टेप लावला. ठेकेदार काही बोलला नाही. मग माणसांकडे वळून ओरडला, "अरे, रुको! पहले कुर्सी लगाओ!" चाळीस मिनिटं काम थांबलं. एक-दोन जण कुरकुरले. केतकी तिथेच उन्हात उभी राहिली, शेवटची खुर्ची लागेपर्यंत. सही करून ती कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीमागे गेली आणि रडली. हे सांगताना माझ्याकडे बघून म्हणाली, "कोडमध्ये होतं न ते."

हे वाचणाऱ्या आई-वडिलांना काही सांगायचं आहे. पाहुण्यांसमोर "आमची फार लाजाळू आहे" असं म्हणू नका. मूल ते ओळखपत्रासारखं गळ्यात घालून फिरतं. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. दोन क्षणांची शांतता तुम्हाला अवघड जाते, त्याला ती हवी असते. "धीट हो" हा उपदेश निरुपयोगी आहे. त्यापेक्षा, रिक्षावाल्याला पत्ता सांगण्याचं, डॉक्टरांना कुठे दुखतं ते सांगण्याचं काम त्याच्याकडे सोपवा. गाणं म्हणून दाखव, कविता म्हणून दाखव, हे पाहुण्यांपुढचं प्रदर्शन मात्र बंद करा. ज्या बोलण्याला त्याच्या दृष्टीनं काही अर्थ आहे, तिथून सुरुवात होते.

आणि कमी बोलणारं प्रत्येक मूल लाजाळू नसतं. काहींना माणसांची भीती नसते, एकांताची आवड असते. त्यांना दुरुस्त करू नका. उलट, भीतीपोटी शाळा-कॉलेज सुटत असेल, माणूस चार माणसांत जेवू शकत नसेल, छातीत धडधड होऊन बाहेर पडणंच थांबलं असेल, किंवा बोलता यावं म्हणून कोणी दारूचा आधार घेत असेल, तर तो नुसता लाजाळूपणा नव्हे. तिथे मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नये. औषधांचा चांगला उपयोग होतो. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये त्यासाठी विभाग आहेत, आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक घरबसल्या लावता येतो.

केतकीचं माझ्याकडे येणं आता थांबलं आहे. साइटवर तिचा आवाज अजून थरथरतो. हल्लीच तिच्या मावसभावाचं लग्न झालं. तिथे ती नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत, एका आजीजवळ बसून राहिली. चार वाक्यं बोलली असेल. ती मजेत होती असं तिनं मला कळवलं. त्याच आठवड्यात तिच्या आईंचा फोन आला.

"मॅडम, साइटवर म्हणे लोकांना थांबवते, आणि लग्नात तोंड उघडत नाही. हे काहून?"

मी म्हटलं, "तिथे तिला बोलायचं नसेल, ताई. राहू द्या तसं."

"पण लोक पाहून राहिले होते न मॅडम."

मी डायरी उघडली आणि गुरुवारी सकाळी अकराची वेळ आईंच्या नावानं लिहून घेतली.